घरच्या लेथला पुरेल इतकेच सॉफ्टवेअर

प्रति,
माननीय संपादक,

विषय : घरगुती वर्कशॉपमधील लेथ व मिलिंग मशीनसाठी साधे नियंत्रण-सॉफ्टवेअर आणि त्याचे मराठीतून शिक्षण

महोदय,

स. न. वि. वि.

यंत्रोद्योगातील स्वयंचलनाविषयी आपल्या दैनिकात वेळोवेळी येणारे लेखन मी आवर्जून वाचतो. त्यात चाकण, वाळूज आणि शिरोलीच्या कारखान्यांतील सीएनसी (संगणकाने चालवलेली) यंत्रे, रोबो आणि मोठ्या गुंतवणुकी यांची माहिती असते, आणि ती असायलाच हवी. परंतु घराला लागून असलेल्या शेडमध्ये एक लेथ (फिरत्या तुकड्याला टूलने तासणारे यंत्र), जमल्यास एक छोटे मिलिंग मशीन (फिरत्या कटरने कापणारे यंत्र) आणि एक बेंच ड्रिल ठेवून स्वतःच्या आवडीचे, गरजेचे किंवा अडल्यानडल्या शेजाऱ्याचे काम करणारा जो माणूस आहे, त्याला संगणकीय नियंत्रणाचा काय उपयोग, याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही. हे नियंत्रण आज त्याच्या आवाक्यात आले आहे. ते साधे आहे, बरेचसे विनामूल्य आहे आणि त्याचा सोर्स कोड कोणालाही उघडून पाहता येतो. ते शिकवणारे कोणी भेटत नाही म्हणून काही जण त्याला बिचकतात, तर काही जण नको तेवढे विकत घेऊन त्याच्या ओझ्याखाली बसतात. दोघांचेही नुकसान टळावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

घरी यंत्रकाम करणाऱ्यांची परंपरा इंग्लंडात जुनी आहे. लंडनमध्ये १८९८ साली मॉडेल इंजिनिअर (यंत्रांच्या छोट्या प्रतिकृती घडवणाऱ्या) मंडळींची संस्था स्थापन झाली आणि ती आजही चालू आहे. नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टन येथे बनणारे मायफर्डचे छोटे लेथ दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील कितीतरी घरांच्या परसदारी गेले. आपल्याकडे अशी संघटित परंपरा उभी राहिली नसली तरी माणसे आहेत. पुण्यात स्वतःच्या दुर्बिणी घडवणारे हौशी आकाशनिरीक्षक आहेत, जुन्या मोटारसायकलींचे बाजारात न मिळणारे भाग स्वतः टर्न करणारे आहेत, भिंतीवरच्या घड्याळांची चाके कापणारे आहेत, आणि निवृत्तीनंतरही टूलरूमची (कारखान्यातील हत्यारे व साचे घडवणाऱ्या विभागाची) सवय न सुटलेले माझ्यासारखे आहेत. सांगली जिल्ह्याला तर यंत्रांचे वेड नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये येथल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली, आणि पुढे हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्कर कारखान्यात तयार झालेले लेथ आजही अनेक गाळ्यांत इमानाने फिरताना दिसतात.

या माणसाची गरज कारखान्याच्या गरजेहून मुळातच वेगळी आहे. कारखान्यात एकच जॉब हजार वेळा काढायचा असतो, त्यामुळे प्रोग्रॅम लिहिणे, टूल सेट करणे आणि पहिला नग तपासून घेणे यांत एक पाळी गेली तरी तो खर्च हजार नगांवर वाटला जातो. घरी बहुधा एकच नग काढायचा असतो, तोही चित्र पूर्ण न काढता, समोरच्या भागाला मिळतेजुळते घेत. आणि तो हाताने अर्ध्या तासात होणार असेल तर त्यासाठी संगणकासमोर दोन तास बसण्यात काही अर्थ नाही. म्हणून घरच्या वर्कशॉपसाठी सॉफ्टवेअर निवडताना मी एकच प्रश्न विचारतो : माझ्या हातांना जे काम कंटाळवाणे, चुकीला वाव देणारे किंवा अशक्य आहे तेवढेच हे सॉफ्टवेअर करते का, आणि उरलेले काम माझ्या हाती ठेवते का?

संख्यात्मक नियंत्रणाचा, म्हणजे आकड्यांवर यंत्र चालवण्याचा, इतिहास पाहिला तर हा प्रश्न का पडावा हे कळते. अमेरिकेत मिशिगन राज्यातील ट्रॅव्हर्स सिटी येथे जॉन पार्सन्स यांच्या कारखान्यात हेलिकॉप्टरची पाती बनत असत. त्या पात्यांच्या वक्र आकाराचे शेकडो बिंदू पंचकार्डांच्या यंत्रांवर काढून टेम्प्लेट कापण्याची पद्धत त्यांनी आणि त्यांचे सहकारी फ्रँक स्टुलेन यांनी बसवली. त्यातूनच आकड्यांवर चालणाऱ्या मिलिंग मशीनची कल्पना निघाली. १९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाने त्यासाठी पैसा दिला आणि १९५२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेने छिद्रित पट्टीवर चालणारे, निर्वात नळ्यांनी भरलेल्या कपाटांमधून नियंत्रित होणारे यंत्र प्रत्यक्ष चालवून दाखवले. म्हणजे या तंत्राचा जन्मच हाताने न जमणाऱ्या विमानी आकारांसाठी आणि सरकारी तिजोरीच्या बळावर झाला. नंतरच्या व्यावसायिक कंट्रोलरांनी तोच वारसा पुढे नेला. त्यांतील बहुतेक सोयी उत्पादनासाठी आहेत, आणि आपल्या शेडमधल्या माणसाला त्यांतल्या थोड्याच लागतात.

लेथपासूनच सुरुवात करतो, कारण बहुतेकांकडे पहिले यंत्र तेच असते आणि त्यावरचे सर्वांत त्रासाचे काम आटे पाडणे हेच असते. लेथवर आटे पाडताना स्पिंडलच्या (तुकडा फिरवणाऱ्या दांड्याच्या) एका फेऱ्यात टूल नेमके आट्याच्या पिचइतके, म्हणजे लगतच्या दोन आट्यांमधल्या अंतराइतके, सरकले पाहिजे, आणि हे प्रमाण चेंज गिअरच्या, म्हणजे बदलता येणाऱ्या दातेरी चाकांच्या, मांडणीने साधले जाते. समजा लीड स्क्रू (टूल लांबीच्या दिशेने सरकवणारा लांब स्क्रू) इंचात आहे, एका इंचात आठ आटे असलेला, म्हणजे त्याचा पिच ३.१७५ मिलिमीटर आहे. आणि आपल्याला एम१० चा नेहमीचा, म्हणजे १.५ मिलिमीटर पिचचा आटा पाडायचा आहे. या दोन पिचांचे गुणोत्तर ६० छेद १२७ येते. १२७ ही मूळ संख्या असल्याने ती लहान गिअरांत फोडता येत नाही, आणि म्हणून इंचाच्या लेथवर अचूक मेट्रिक आटा पाडायचा तर १२७ दातांचा मोठा गिअर बसवावा लागतो. तो घरी नसतो, असलाच तर कव्हरमध्ये मावत नाही, आणि प्रत्येक पिचसाठी हात काळे करून गिअर काढ-घाल करावी लागते ती वेगळीच.

इलेक्ट्रॉनिक लीड स्क्रू नावाची जी सोय आता अनेक हौशी मंडळी स्वतः जोडतात, ती ही काढ-घाल पूर्ण संपवते. स्पिंडलला एक एन्कोडर (फिरणे मोजून खुणा पाठवणारे उपकरण) जोडायचा, लीड स्क्रूला स्टेपर (एकेका पावलाने फिरणारी) किंवा सर्वो मोटर लावायची, आणि मधली गिअरांची साखळी काढून तिच्या जागी एक छोटा मायक्रोकंट्रोलर (एका चिपवरचा संगणक) ठेवायचा. १०२४ रेषांचा एन्कोडर एका फेऱ्यात ४०९६ खुणा मोजून देतो. मोटर एका फेऱ्याला २००० पल्स (विजेचे छोटे ठोके) घेत असेल, तर वरच्या उदाहरणात स्पिंडलच्या एका फेऱ्याला १,२०,००० भागिले १२७, म्हणजे सुमारे ९४४.९ पल्स पाठवायला हव्यात. हा आकडा पूर्णांक नाही, आणि खरी कसोटी इथेच आहे. प्रत्येक फेऱ्याला ९४५ पल्स पाठवल्या तर थोडी चूक प्रत्येक फेऱ्यागणिक साठत जाईल आणि लांब आट्यावर नट अडकेल. त्यामुळे प्रोग्रॅम दशांश वापरतच नाही. एन्कोडरची प्रत्येक खूण आली की तो एका खात्यात १,२०,००० जमा करतो. खाते १२७ गुणिले ४०९६, म्हणजे ५,२०,१९२ वर पोहोचले की तेवढे वजा करून एक पल्स सोडतो, आणि उरलेली बाकी पुढच्या हिशेबात ओढतो. बाकी कधीच टाकून दिली जात नसल्याने चूक एका पल्सच्या पलीकडे कधी जात नाही, आणि इथे एक पल्स म्हणजे ०.००१६ मिलिमीटर आहे. स्पिंडल मिनिटाला ३०० फेऱ्यांनी फिरत असला तरी सेकंदाला साधारण वीस हजार खुणा येतात, आणि तेवढी बेरीज-वजाबाकी काहीशे रुपयांचा मायक्रोकंट्रोलरही आरामात करतो. ओतीव लोखंडाचा १२७ दातांचा गिअर इथे प्रोग्रॅममधला एक आकडा होऊन बसला आहे, आणि आयुष्यभर चेंज गिअर लावलेल्या माणसाला याचा जो आनंद होतो तो मी लपवू इच्छित नाही.

ही बाकी सांभाळण्याची युक्ती आयबीएममध्ये काम करणाऱ्या जॅक ब्रेझनहॅम यांनी १९६२ मध्ये रेखाटन यंत्रावर तिरपी रेघ काढण्यासाठी बसवली होती, आणि ती १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली. एकाच वेळी दोन अक्षांवर पावले टाकणाऱ्या जवळपास प्रत्येक साध्या नियंत्रकाच्या पोटात तिचेच कोणते ना कोणते रूप आढळते. आयटीआयच्या विद्यार्थ्याला ती फळ्यावर, कोणत्याही प्रोग्रॅमिंगच्या ज्ञानाशिवाय, एका तासात समजावून देता येते, हे मी मुद्दाम नोंदवतो.

या व्यवस्थेत लेथ लेथच राहतो. क्रॉस स्लाइड (टूल आत-बाहेर नेणारा भाग) हातानेच चालते, कट किती घ्यायचा ते आपणच ठरवतो, टूलचा आवाज ऐकून वेग आपणच कमी-जास्त करतो. फक्त फीड (टूल सरकण्याचा वेग) आणि पिच बटणाने निवडले जातात. तरीही काही पथ्ये पाळावीच लागतात. इंचाच्या लीड स्क्रूवर मेट्रिक आटा पाडताना हाफ नट (टूल वाहणाऱ्या सॅडलला लीड स्क्रूशी जोडणारा, उघडता येणारा नट) मध्येच उघडायचा नाही, हा जुना नियम इथेही लागू आहे. टूल मागे घेऊन स्पिंडल उलटा फिरवूनच सुरुवातीच्या जागी यावे. मोठा पिच असेल तर स्पिंडलचा वेग कमी ठेवावा, कारण स्पिंडल झटक्याने सुरू झाला आणि मोटरला त्याच्याबरोबर धावता आले नाही तर ती पावले चुकवते. आणि साध्या स्टेपर मोटरला आपण पाऊल चुकवल्याचे कळत नाही. खांद्यापर्यंत आटा न्यायचा असेल तर शेवटी खाच काढून ठेवावी. सॉफ्टवेअरने सॅडल थांबवले तरी स्पिंडल फिरतच असतो आणि टूल त्याच जागी घासत राहते.

मिलिंग मशीनचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे दोन किंवा तीन अक्ष एकाच वेळी चालवल्याशिवाय वक्र आकार निघत नाही. यासाठी जीआरबीएल या अक्षरांनी लिहिले जाणारे आणि सर्वत्र ‘गर्बल’ म्हणून ओळखले जाणारे सॉफ्टवेअर माझ्या मते सर्वांत शिकण्यासारखे आहे. नॉर्वेतील सिमेन स्वाले स्कोगसरुड यांनी ते २००९ मध्ये सुरू केले आणि पुढे इतरांनी वाढवले. इटलीतील इव्रेआ येथे शिक्षणासाठी तयार झालेल्या अर्डुइनो या मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डावर ते चालते. त्या बोर्डावरच्या चिपमध्ये प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट आणि चालू हिशेबासाठी केवळ २ किलोबाइट जागा असते. एवढ्या जागेत तीन अक्षांची सरळ आणि गोलाकार चाल, वेग वाढवणे-कमी करणे, पुढच्या हालचालींचा अंदाज घेऊन कोपऱ्यावर आधीच मंदावणे, होमिंग (यंत्राने आपली शून्य जागा शोधणे) आणि लिमिट स्विच (टोकाला पोहोचताच थांबवणारे) हे सारे बसवले आहे. सेकंदाला सुमारे तीस हजार पल्स ही त्याची कमाल मर्यादा. पाच मिलिमीटर पिचचा बॉल स्क्रू आणि फेऱ्याला २००० पल्स घेणारी मोटर घेतली तर मिलिमीटरला ४०० पल्स लागतात. म्हणजे सॉफ्टवेअरच्या बाजूने मिनिटाला ४५०० मिलिमीटरपर्यंत वाव आहे, आणि घरची मोटर त्याच्या पुष्कळ आधी दमते.

त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. संगणक केवळ जी-कोडच्या (यंत्राला हालचाल सांगणाऱ्या आज्ञांच्या) ओळी एकामागून एक पाठवतो आणि बोर्डाकडून ‘ओके’ आले की पुढची पाठवतो. पल्स नेमकी केव्हा सोडायची हे काटेकोर काम बोर्ड स्वतः करतो. त्यामुळे संगणक जुना असला, मध्येच अडखळला, तरी टूल फार तर क्षणभर थांबते, जागा मात्र चुकत नाही. जी-कोड शिकण्याचीही धास्ती घेऊ नये. जी२१ म्हणजे मापे मिलिमीटरमध्ये, जी९० म्हणजे ती ठरवलेल्या शून्यापासून मोजायची, जी० म्हणजे कापायचे नसताना जलद जाणे, जी१ म्हणजे दिलेल्या फीडने सरळ कापत जाणे, जी२ आणि जी३ म्हणजे घड्याळाच्या दिशेने आणि उलट दिशेने चाप. एवढ्यावर घरातली बरीच कामे निघतात, आणि आकार गुंतागुंतीचा असेल तर फ्रीकॅडसारखे विनामूल्य सॉफ्टवेअर चित्रावरून हा कोड तयार करून देते.

त्याच्या मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात, कारण विक्रेते त्या सांगत नाहीत. मूळ गर्बलमध्ये स्पिंडलशी जुळवून आटे पाडण्याची सोय नाही, कटरच्या त्रिज्येची भरपाई नाही, ड्रिलिंगची तयार चक्रे नाहीत आणि बॅकलॅशची (स्क्रू आणि नटमधल्या ढिलाईची) भरपाईही नाही. ज्याला हे हवे त्याने लिनक्ससीएनसी या लिनक्सवर चालणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरकडे वळावे. त्याचे मूळ अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेत १९९० च्या दशकात तयार झालेल्या प्रकल्पात आहे. सरकारी संस्थेचे काम म्हणून ते सार्वजनिक मालकीचे होते आणि नंतर स्वयंसेवकांनी ते हाती घेऊन वाढवले. लेथवर जी७६ या एका ओळीत आटा पाडण्याचे संपूर्ण चक्र, खोली थोडी थोडी वाढवत, त्यात लिहिता येते. मात्र इथे वेळेचा काटेकोर हिशेब सहसा खुद्द संगणकच करतो, त्यामुळे खास रिअल-टाइम कर्नल (ठरल्या क्षणी काम करणारा प्रणालीचा गाभा) लागतो आणि संगणक त्यासाठी योग्य आहे की नाही हे आधी लेटन्सी (प्रतिसादातील विलंबाची) चाचणी चालवून तपासावे लागते. लॅपटॉप यात बहुधा नापास होतात. याउलट माळ्यावर पडलेला, मागे २५ पिनांचा पॅरलल पोर्ट असलेला जुना डेस्कटॉप अनेकदा उत्तम चालतो. त्या पोर्टवर बारा आउटपुट आणि पाच इनपुट असतात. प्रत्येक मोटरला पल्स आणि दिशा अशा दोन तारा धरल्या तर तीन अक्षांना सहा पुरतात आणि उरलेल्या स्पिंडल व शीतकाच्या रिलेला वापरता येतात. विंडोजवर चालणारे माक३ हेही एके काळी हौशी मंडळींत अतिशय लोकप्रिय होते आणि त्याचे पडदे सोपे आहेत, पण त्याचा पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर ६४ बिटांच्या विंडोजवर चालत नाही, म्हणून आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी ते सुचवणार नाही.

आणि काही कामांना यांपैकी काहीच लागत नाही, हेही मनापासून सांगावेसे वाटते. समजा ६० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर सहा छिद्रे पाडायची आहेत. पहिले छिद्र केंद्रापासून ३० वर, दुसरे १५ आणि २५.९८१ वर, आणि बाकीची चार चिन्हे बदलून याच आकड्यांवर येतात. मशीनला डीआरओ (टेबलाची जागा मोजून आकड्यांत दाखवणारे उपकरण) लावलेला असेल तर हे आकडे पडद्यावर आणून हाताने टेबल सरकवणे पुरेसे आहे. जुन्या मिलिंग मशीनच्या स्क्रूमध्ये पाव मिलिमीटर बॅकलॅश असला तरी डीआरओची पट्टी थेट टेबलाची जागा मोजते, त्यामुळे मोजमापात तो बॅकलॅश शिरत नाही. याच झिजलेल्या मशीनवर मोटरी बसवून सॉफ्टवेअरमध्ये बॅकलॅशचा आकडा भरला की काम भागेल, असे जे सांगितले जाते ते अर्धेच खरे आहे. क्लाइम्ब मिलिंग करताना, म्हणजे कटरचे दात टेबल सरकण्याच्याच दिशेने कापत असताना, कटर टेबलालाच ओढून घेतो, आणि त्या झटक्याला कोणताही आकडा अडवू शकत नाही. तिथे नट, गिब (सरकत्या भागांतील फट भरणारी पट्टी) आणि बेअरिंग यांच्याकडेच आधी पाहावे लागते.

सुरक्षिततेविषयी माझे मत ठाम आहे. इमर्जन्सी स्टॉपचे लाल मश्रूम बटण सॉफ्टवेअरवर कधीही अवलंबून ठेवू नये. पडद्यावरचे ‘स्टॉप’ किंवा कीबोर्डावरून दिलेला फीड होल्ड हे कामाच्या सोयीसाठी असतात; संगणक गोठला की ते निरुपयोगी ठरतात. लाल बटणाने कॉन्टॅक्टरमार्फत (विजेने चालणाऱ्या मोठ्या स्विचमार्फत) स्पिंडल आणि मोटरच्या ड्राइव्हचा वीजपुरवठाच तुटला पाहिजे, आणि त्याची जोडणी नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेल्या) संपर्कातून असावी, म्हणजे तार उंदराने कुरतडली किंवा स्क्रू ढिला झाला तरी यंत्र बंदच पडेल. लिमिट स्विचही तसेच जोडावेत. स्पिंडलला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे विद्युत-उपकरण) असेल तर त्याच्या केबलच्या शेजारून एन्कोडरची किंवा लिमिट स्विचची केबल नेऊ नये, शील्ड असलेली केबल वापरावी आणि अर्थिंग नीट करून घ्यावे. कारणाशिवाय थांबणारी कित्येक घरगुती यंत्रे एवढ्यानेच सुधारतात. बोर्ड बंद डब्यात असावा, कारण लोखंडाचा बारीक कीस उडून त्यावर बसला की शॉर्ट होतो. हाताने चालणारे यंत्र आपला हात हलल्याशिवाय सहसा हलत नाही, आणि वर्षानुवर्षांच्या या सवयीमुळे सीएनसी केलेल्या यंत्रावर माणूस नकळत टूलजवळ हात नेतो. घरच्या यंत्राला कारखान्यासारखे बंद दार नसते. घरात मुले असतील तर कुलूपवाला मुख्य स्विच असलाच पाहिजे.

आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो, त्याचाही विचार आधी करावा. कट चालू असताना वीज गेली की स्पिंडल थोडा वेळ घरंगळत राहतो, मोटर मात्र लगेच सुटते, आणि दोघांचा मेळ संपतो. आट्याचे काम असेल तर वीज आल्यावर तसेच पुढे जाऊ नये. टूल मागे घेऊन पुन्हा त्याच आट्यात डोळ्यांनी जुळवून मगच चालू करावे. संगणकाला छोटा यूपीएस लावून उपयोग नाही, कारण मोटरीच बंद असतात. उलट संगणकाला आपण अजून योग्य जागी आहोत असे वाटत राहते. म्हणूनच होमिंग स्विच मी चैन मानत नाही. वीज आल्यावर यंत्राला आपले शून्य पुन्हा सापडण्याचा तोच खात्रीचा मार्ग आहे.

साधेपणाचा आग्रह मी धरतो याचे आणखी एक कारण दुरुस्तीत आहे. ओळखीच्या एका गाळ्यात जुन्या सीएनसीच्या कंट्रोलरचा एक बोर्ड जळाला, बनवणाऱ्यांनी त्याचे सुटे भाग बंद केले होते, आणि यांत्रिकदृष्ट्या उत्तम असलेले यंत्र भंगाराच्या भावात गेले. बेड चांगला होता, स्पिंडल चांगला होता. खुल्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या यंत्राचा बोर्ड जळाला तर दुसरा बोर्ड बाजारातून आणून, जपून ठेवलेल्या सेटिंगांची फाइल त्यात भरून, त्याच दिवशी काम सुरू करता येते. ज्यांच्याकडे असे जुने, कंट्रोलर मेलेले पण सांगाडा सशक्त असलेले लेथ पडून आहेत त्यांनी ते विकण्यापूर्वी लिनक्ससीएनसीचा पर्याय तपासावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता मुख्य मागणीकडे येतो. आयटीआयमधील टर्नर आणि मशिनिस्ट या दोन वर्षांच्या ट्रेडमध्ये सीएनसीचा भाग शिकवला जातो, पण तो मोठ्या कंपन्यांच्या कंट्रोलरवर बटणे कोणती दाबायची याभोवती फिरतो. कारखान्यात नोकरी मिळण्यासाठी तो आवश्यकच आहे आणि तो काढून टाकावा असे मी म्हणत नाही. त्याच्या जोडीला प्रत्येक संस्थेत एक जुना लेथ असा असावा की ज्यावर टर्नर आणि इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक या दोन्ही ट्रेडच्या मुलांनी मिळून एन्कोडर, मोटर आणि मायक्रोकंट्रोलर जोडलेला असेल. बटण दाबल्यावर आत काय घडते हे ज्याने स्वतःच्या हाताने जोडले, तो पुढे कोणत्याही कंपनीच्या कंट्रोलरसमोर गोंधळणार नाही. लागणारे साहित्य महाग नाही, लेथ तर बहुतेक संस्थांत कोपऱ्यात उभेच आहेत.

मुंबईच्या आयआयटीचा स्पोकन ट्यूटोरिअल हा उपक्रम खुल्या सॉफ्टवेअरचे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत देतो. गर्बल, लिनक्ससीएनसी आणि फ्रीकॅडमधून जी-कोड काढणे या विषयांवर यंत्रकाम करणाऱ्यांना समोर ठेवून तशा धड्यांची मालिका व्हावी. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात फॅब लॅब (संगणकाने चालणाऱ्या छोट्या यंत्रांची कार्यशाळा) आहे, आणि हाताने करत शिकण्याची तेथली पद्धत या विषयाला अगदी साजेशी आहे. अशा संस्थांनी सुटीच्या काळात आठवडाभराचे वर्ग घेतले तर निवृत्त कामगार शिकवायला आनंदाने येतील, त्यांत मीही असेन. कार्यक्रम फार मोठा आखू नये. मुलांनी आधी चेंज गिअर लावून एम१० चा आटा पाडावा, मग तोच आटा स्वतः जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक लीड स्क्रूवर पाडावा, आणि दोन्ही थ्रेड गेजने तपासून फरकाची कारणे वहीत लिहावीत.

आपल्या दैनिकाच्या उद्योगविषयक पानावर या विषयाला महिन्यातून एखादा स्तंभ मिळाला, आणि त्यात वायरिंगची आकृती व सेटिंगचे आकडे मराठीत छापले गेले, तर गावोगावच्या शेडमधल्या वाचकांना ते कात्रण लेथशेजारच्या भिंतीवर लावता येईल. पत्रास जागा द्यावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त टूलरूम कामगार,
सांगली